दुसरा फोटो

सर, तुमच्या दहाव्याला तुमच्या गावी, राजुरीच्या घाटावर माझ्या मागं बसलेल्या एका पावण्यानं तुमच्या मरणाचं कारण शोधून काढलं. बोलत होता शेजाऱ्याच्या कानात, पण आवाज असा, की पिंडाला शिवायला आलेला कावळा उडून जावा. "मास्तर दर शनिवारी मंचरला त्या फोटोवाल्याकडं बसायचे. तिथली किरणं बाधली बघा. नायतर बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, असल्या माणसाच्या छातीत कॅन्सर व्हतोय व्हय?"

तो फोटोवाला मीच, हे त्याला माहीत नव्हतं. माझं डोकं असं सटकलं, की उठून त्याची कॉलर धरणार होतो. तुम्ही मला बावीस वर्षं ओळखता, माझा पारा चढायला काही लागत नाही. अर्धा उठलो आणि परत खाली बसलो. कारण त्याला सांगू काय? सरांना माझ्याकडची किरणं जास्त झाली नाहीत रे बाबा, एक फोटो अडीच महिने उशिरा निघाला. आणि तो उशीर मी होऊ दिला. हे सगळ्या घाटासमोर मला बोलता आलं नाही, म्हणून आता तुम्हाला लिहितोय.

शाळेच्या स्मरणिकेसाठी एक पान द्या, असा निरोप आला होता. त्यांना "सर फार मोठे होते" असलं काहीतरी हवं असेल. ते बाकीचे लिहितील. मी आपलं भांडण लिहिणार, कारण तुमच्या-माझ्यात मुख्य होतं ते भांडणच.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या एक्सरे सेंटरला आलात ते शाळेतल्या एका मुलीचा हात मोडला म्हणून. तिचा फोटो काढून मी बाहेर आलो, तर तुम्ही खोलीचं दार ठोकून बघत होतात. दाराला लागून बाकडं, बाकड्यावर दोन पोटुशा बाया सोनोग्राफीच्या नंबराची वाट बघत बसलेल्या.

"या दारात शिसं आहे का?" तुम्ही विचारलंत.

"नाय सर. एक नंबर सागवान आहे."

"मग सागवानाला किरणं घाबरतात का?"

बाया फिदीफिदी हसल्या. मला असा राग आला म्हणता! ह्या विज्ञानाच्या मास्तराला कुणी बोलावलं होतं इथं? पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही परत आलात. ना पेशंट, ना चिठ्ठी, नुसता तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या शनिवारीही. चौथ्या शनिवारी मी बाकडं उचलून जिन्याखाली नेलं, केवळ तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून. तुम्ही म्हणालात, "आता दार."

मालक टाळाटाळ करत होते. शेवटी एकदाचा शिशाचा पत्रा आणला, तर तो दारावर नीट बसवणारा कुणी मिळेना. मी जुन्नरहून अब्बांना घेऊन आलो. अब्बांचा जन्म कल्हई करण्यात गेलेला, पत्रा त्यांच्या हातात गुमान वागायचा. त्या रविवारी तुम्ही शर्टाच्या बाह्या वर करून पत्र्याची खालची कड धरून उकिडवे बसला होतात आणि अब्बा वरून हातोडीनं हळूहळू ठोकत होते. "सर, उधरसे दाबो, अजून दाबो," म्हणत त्यांनी तुम्हाला दिवसभर कामाला लावलं. जोडावर जोड चढवला, खिळ्यांची डोकीसुद्धा शिशानं झाकली. जाताना अब्बा मला म्हणाले, "मास्तर डोकं खातो, पण माणूस खरा आहे." अब्बा गेले, मालक बदलले, मशीन दोनदा बदललं, पण दार तेच आहे.

खरं भांडण सुरू झालं ते त्यानंतर. माझ्या छातीवर बिल्ला असतो. किती किरणं लागली हे त्या बिल्ल्यावर साठतं, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि आकडा येतो. तुम्हाला ते कळलं आणि लहान पोराला भोवरा मिळाल्यासारखा आनंद झाला. दुसऱ्या शनिवारी तुम्ही आलेखाचा कागद घेऊन आलात. तेव्हापासून माझा आकडा आला, की तुम्ही त्याचा ठिपका मांडायचात, चष्मा कपाळावर सरकवून, जीभ दाताखाली धरून. माझ्या बायकोनं माझ्या तब्येतीची एवढी काळजी कधी केली नाही.

त्याच कागदाच्या मागं तुम्ही मला आपल्या भांडणाची ती रेषा काढून दाखवली होती, आडवी किरणं आणि उभा धोका. वर उजवीकडं ठिपके पक्के, कारण ज्यांना भरपूर किरणं लागली त्यांना काय झालं ते माहीत आहे. खाली डावीकडं, आमच्यासारख्या थोडी-थोडी किरणं लागणाऱ्यांच्या जागी, काहीच नाही. का, तर थोड्या किरणांनी झालेला आजार आणि एरवी माणसाला होतो तो आजार, दोन्ही दिसायला एकच. कुठल्याच आजारावर शिक्का नसतो. तुम्ही वरच्या ठिपक्यांतून पट्टी लावून खाली शून्यापर्यंत तुटक रेघ ओढलीत. म्हणालात, "थोडं असेल तर धोका थोडा. पण थोडा म्हणजे शून्य नाही."

मी पेन हिसकावून माझी रेघ काढली. ती शून्याच्या बरीच अलीकडं जमिनीला टेकत होती. "सर, बोट कापलं तर भरतं का नाय? तसं शरीर थोडंफार आपलं आपण दुरुस्त करतं. आणि किरणं कुठं नाहीत? दगडात आहेत, मातीत आहेत. केरळच्या किनाऱ्याला वाळूतच आहेत म्हणता, तिथं पिढ्यान् पिढ्या माणसं नांदतात. त्यांना कुठं काय दिसतंय?"

"दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे सलीम."

"आणि दिसत नसलेल्याला किती भ्यायचं सर? परवा एक बाई दम्यानं हैराण झालेली, फोटो नको म्हणून पळून गेली. ते पाप कुणाच्या रेषेवर मांडायचं?"

यावर तुम्ही चहा मागवायचात. भांडण मिटायचं नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचं मिटलेलं नाही, तर आपलं मंचरच्या कटिंग चहात काय मिटणार! पण एक मात्र तुम्ही मला पक्कं शिकवलंत. "गरज असेल तर दहा काढ. गरज नसेल तर एक नको." फोटो बिघडला, की परत काढावा लागतो, त्याला आम्ही रिपीट म्हणतो. रिपीट म्हणजे पेशंटला फुकटची दुप्पट किरणं. तुम्ही शनिवारी पायरी चढतानाच विचारायचात, "किती रिपीट?" आणि मी छाती काढून सांगायचो, "एकबी नाय." त्या एका प्रश्नाच्या धाकानं माझा हात बसला. आज मंचर-घोडेगावचे डॉक्टर म्हणतात, सलीमचा फोटो म्हणजे एका फटक्यात. ते श्रेय माझं नाही.

आणि तुमची ती दुसरी सवय. वर्गात पोरांना म्हणायचात, उत्तर येत नसेल तर कोरं सोडा, पण ठोकून देऊ नका. कोऱ्या जागेचा एक मार्क जास्त द्यायचात म्हणे. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं अजून मला हे सांगतात.

आता संक्रांतीच्या आधीच्या शनिवारावर येतो. तो टाळून लिहिता आलं तर बघत होतो, पण नाही जमत.

दिवाळीपासून तुम्हाला खोकला होता. त्या दिवशी एका चहात तुम्ही तीनदा खोकलात आणि तिसऱ्या वेळी कप खाली ठेवावा लागला. बाहेर हायवेला कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती, हॉर्नच्या गोंगाटात मला तुमचा खोकला वेगळा ऐकू आला. मी म्हणालो, "सर, चला आत. छातीचा एक फोटो काढू. दोन मिनिटांचं काम."

"कशाला? गरज नसताना एकही नको."

"गरज आहे का नाय, ते कोण ठरवणार?"

"डॉक्टर. चिठ्ठी आहे का तुझ्याकडं?"

"मग आणा की चिठ्ठी."

"अरे, थंडीचा खोकला आहे. फाल्गुन लागला की जाईल." मग तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "सलीम, बावीस वर्षं घसा फोडून सांगतोय. आज एकदा तरी माझं ऐक ना."

सर, मी भांडायला हवं होतं. एरवी मी फालतू गोष्टीवरून तुमच्याशी तासभर भांडायचो. तुमचंच वाक्य तुमच्या तोंडावर मारायला हवं होतं, की गरज असेल तर दहा काढ म्हणालात ना, मग ही गरज आहे, उठा. पण सणाचे दिवस होते, तुमच्या घरून काकूंनी डब्यातून तिळगूळ पाठवला होता, आणि मला वाटलं, म्हाताऱ्याला एकदा जिंकू द्यावं. मी म्हणालो, "बरं राव, जिंकलात. घ्या."

तुम्ही खुश होऊन तिळगुळाची वडी तोंडात टाकलीत. "गोड बोललास बाबा एकदाचा," म्हणालात. खोकत खोकत जिना उतरून गेलात.

आता मागं वळून बघतो तेव्हा कळतं, तुम्ही किरणांना भीत नव्हतात. तुमच्या थोरल्या भावाच्या छातीचा फोटो मीच काढला होता. फोटो निघाला आणि चार महिन्यांत अण्णा गेले. राजुरीत लोक म्हणाले, फोटो काढला आणि माणूस गेला. तुम्ही त्यांना झाडलं होतंत, "फोटोनं आजार होत नाही, आजार होता म्हणून फोटो काढला." पण सर, तुम्हीपण राजुरीचेच. फोटोत काय निघेल त्याला तुम्ही भीत होतात आणि बोट दाखवत होतात किरणांकडं. मी हे ओळखायला हवं होतं. की ओळखलं होतं आणि मीही भ्यालो होतो? खरं सांगतो, मला आज ते आठवत नाही.

होळी होऊन गेल्यावर तुम्ही चिठ्ठी घेऊन आलात. शनिवार नव्हता, सोबत काकू होत्या. शर्ट अर्ध्या मापानं मोठा झाला होता. मी नेहमीसारखी बडबड केली, गाऊन दिला, गळ्यातली तुळशीची माळ काढून काकूंच्या हातात द्यायला लावली. तुम्हाला प्लेटला छाती टेकवून उभं केलं, हनुवटी वर केली, खांदे पुढं लोटले. केवढे हाडकुळे झाले होते ते खांदे! अब्बांनी ठोकलेलं दार लावून मी भिंतीआड आलो. "श्वास घ्या. धरा."

पडद्यावर फोटो आला. उजव्या बाजूला वर, जिथं काळं दिसायला हवं तिथं लिंबाएवढं पांढरं.

पंचवीस वर्षं फोटो काढतोय. ते काय आहे हे मला त्याच क्षणी कळलं. आणि तरी मी स्वतःशी म्हणालो, गाऊनची गाठ असेल. माळेचा मणी राहिला असेल. प्लेट खराब असेल. मशीनलाच काहीतरी झालं असेल, देवा, मशीनलाच काहीतरी होऊ दे. मी आत येऊन म्हणालो, "सर, जरा हाललात. परत एकदा."

तुम्ही हालला नव्हतात. खोकल्याच्या पेशंटला श्वास धरता येत नाही, पण तुम्ही खांबासारखे उभे होतात. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वळून परत प्लेटला छाती लावलीत, न सांगता हनुवटी वर केलीत. दुसऱ्या फोटोतही ते तिथंच होतं, तेवढंच.

गुंड्या लावता लावता तुम्ही विचारलंत, "किती रिपीट?"

"एक, सर."

तुम्ही मान हलवलीत. काकूंनी विचारलं, "काय दिसतंय रे सलीम?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील काकू." आमचा तसा नियमच आहे. पण तुम्हाला डॉक्टरांच्या आधीच सगळं कळलेलं होतं. तुम्ही काकूंच्या हातून माळ घेतलीत आणि मलाच म्हणालात, "चल, चहा पाज." त्या दिवशी तुम्ही कप पुरा संपवलात.

पुढं पुण्याला तुमच्यावर किरणांचे उपचार झाले. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही खाटेवरून हसलात. "आता माझा ठिपका वरच्या पक्क्या भागात गेला बघ. तिथं वादच नाही." मला हसू आलं नाही, तरी हसलो. तुम्ही विचारलंत, बाकडं जिन्याखालीच आहे ना, का नव्या मालकानं हलवलं. मी म्हणालो, आहे. संक्रांतीचा विषय माझ्या जिभेवर होता. नर्स आली, मग काकू आल्या, मग एसटीची वेळ झाली. पुढच्या खेपेला बोलू म्हटलं. पुढच्या खेपेला तुम्हाला बोलायचा दम राहिला नव्हता, आणि ऐन श्रावणात तुम्ही गेलात.

मी तिथल्या एका डॉक्टरांना गाठून विचारलं होतं, अडीच महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित फरक पडला असता, कदाचित नाही." सर, आपलं सगळं भांडण त्या दोन वाक्यांत परत माझ्यासमोर उभं राहिलं. थोड्या किरणांनी काही होत नाही, असं म्हणणारा मी. मग थोड्या उशिरानंही काही होत नाही, असं म्हणून सुटता येईल की! माझ्या रेषेनं मी सुटतो. पण तुमच्या रेषेत थोडं म्हणजे शून्य नाही, तिथं एकेका दिवसाला वजन आहे. आणि राव, बावीस वर्षं तुमची रेषा मी मानली नाही, आता रोज सकाळी उठलो की तीच खरी वाटते.

गेल्या आठवड्यात अवसरीची एक बाई आली, महिनाभराचा खोकला, चिठ्ठी हातात, आणि म्हणते, नको, किरणं बाधतात. मी तिच्याशी असा भांडलो की रिसेप्शनवरची पोरगी उठून आली. बाईनं शेवटी फोटो काढला. साफ होता, आरशासारखा. बाई जाताना म्हणाली, "बघा, उगंच काढला का न्हाई?" तुम्ही असतात तर शनिवारी हे ऐकून मला धरलं असतंत.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी मंचरच्या घरी गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. म्हणालो, संक्रांतीला मी जोर केला असता तर सर ऐकले असते. मी त्यांना जाऊ दिलं. काकू पदराच्या टोकाला पीळ घालत ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "तिळगुळाचा डबा मी कशापायी दिला व्हता रं? त्या शनवारी खोकल्यानं ते निघतच नव्हते, त्यांना तुझ्याकडं धाडायला निमित्त. मी म्हणून म्हणून थकले व्हते. म्हणलं, माझं नाय तर नाय, सलीमचं ऐकतील."

मला रडू आवरलं नाही सर. तुमच्या कॉटवर बसून लहान पोरासारखा रडलो. काकूंनी रागं भरावं म्हणून मी वाट बघत होतो, पण त्या आत गेल्या आणि तुमची आलेखाची फाइल घेऊन आल्या. "हे सलीमचं हाय, त्याला द्या, असं सांगितलं व्हतं त्यांनी. मला काय त्यातलं कळत न्हाई."

घरी आणून फाइल उघडली. माझे ठिपके, तीन-तीन महिन्यांचे, सगळे खाली, तळाला लागून. एकही चुकवला नव्हतात. पुण्याला असताना आलेला आकडा मी फोनवर कळवला होता, तोही मांडलेला. आणि सगळ्यात शेवटी एक नवा कागद, वर तुमचं स्वतःचं नाव. त्यावर होळीनंतरच्या त्या तारखेला दोन ठिपके, एकाला एक लागून. दुसऱ्या ठिपक्यापुढं बारीक पेन्सिलीनं लिहिलंय, "याची गरज नव्हती. चालेल."

चालेल. बावीस वर्षांत हा शब्द तुमच्याकडून मला कधी मिळाला नव्हता. एका जास्तीच्या किरणासाठी तुम्ही अख्ख्या मंचरशी भांडला असतात, आणि माझ्या त्या खोट्या रिपीटला, माझ्या त्या वेड्या आशेला तुम्ही चालेल म्हणून गेलात.

मग मी पहिल्या ठिपक्याकडं बघितलं, जो संक्रांतीला निघायला हवा होता आणि होळीनंतर निघाला. त्याच्यापुढं काही लिहिलंय का, म्हणून कागद खिडकीशी नेला, तिरका धरला, उलटा करून बघितला. तिथं तुम्ही कोरं सोडलं होतंत.